मोहऱ्यांचा विकास, बुद्धिबळातील

बुद्धिबळाच्या डावाच्या आरंभी मूळ घरांत दाटीने उभी असलेली मोहरी अशा घरांत आणून ठेवणे, की जेथून त्यांचा मारा अधिकाधिक घरांवर पडावा व ती एकमेकांच्या साहाय्यास येऊ शकावीत, या क्रियेस मोहऱ्यांचा विकास असे म्हणतात. डावाचे प्रारंभ, मध्य व अंत असे तीन टप्पे मानण्याचा प्रघात असून त्यांपैकी प्रारंभाच्या सु. दहा ते पंधरा खेळ्या मुख्यत्वे या कामी खर्च होतात. [⟶ बुद्धिबळ]. पुढील विवेचनात पटावरील उभ्या पट्ट्यांना पांढऱ्याच्या डावीकडून उजवीकडे ए ते एच ही नावे व आडव्या ओळींना पांढऱ्याच्या बाजूकडून १ ते ८ हे अंक दिले आहेत. त्यानुसार पांढऱ्या राजाचे मूळ घर ई१ व काळ्या राजाचे ई८ होय.

मूळ मांडणीत पांढऱ्यास पहिली खेळी वीस प्रकारांनी करता येते : सोळा खेळ्या प्याद्यांच्या व चार घोड्यांच्या. राजा, वजीर, दोन्ही उंट आणि दोन्ही हत्ती यांना एकही खेळी उपलब्ध नसते. पटावरील सर्वांत बलवान मोहरी त्या क्षणी सर्वांत निरुपयोगी असतात, कारण त्यांच्याच प्याद्यांनी त्यांची वाट अडविलेली असते. म्हणूनच कोणते प्यादे प्रथम पुढे करावे, हा प्रश्न वास्तविक कोणत्या मोहऱ्याची वाट प्रथम मोकळी करावी असा असतो. राजापुढील प्यादे ई४ घरात नेल्यास वजीर व राजाच्या बाजूचा उंट या दोघांना एकाच खेळीत वाट मिळते आणि पटाच्या मध्यावर ताबाही बसतो. याउलट कडेचे प्यादे ए४ घरात नेल्याने फक्त हत्तीस वाट मिळते, आणि तीही अशा जागी, की जेथे एवढ्या लवकर त्याला काही काम नसते.

मध्यावरील डी४, ई४, डी५ व ई५ या चार घरांना जे महत्त्व दिले जाते, त्याचे कारण साध्या मोजणीने कळते. रिकाम्या पटाच्या कोपऱ्यातील घोड्यास केवळ दोन घरे उपलब्ध असतात; कडेला, म्हणजे ए३ किंवा एच३ घरात, चार; तर सी३ किंवा एफ३ घरात आठ. उंटास कोपऱ्यातून सात व मध्यावरून तेरा घरांवर मारा करता येतो. हत्तीचा हिशेब मात्र वेगळा आहे. रिकाम्या पटावर तो कोठेही असला, तरी त्याच्या माऱ्यात चौदाच घरे येतात. त्यामुळे हत्तीस मध्यावर येण्याची घाई नसते; त्याला हवी असते प्यादी निघून गेल्याने मोकळी झालेली उभी पट्टी. हत्तीचा विकास घोडे व उंट यांच्या नंतर, आणि बहुधा मागच्या ओळीतूनच होतो, त्याचे हेच कारण होय.

घोडे उंटांच्या आधी बाहेर काढावेत, या परिचित नियमामागेही असेच कारण आहे. घोड्याची उत्तम जागा बहुतेक डावांत आरंभीच निश्चित असते, ती म्हणजे सी३ व एफ३ (काळ्याच्या बाबतीत सी६ व एफ६). उंटाची जागा मात्र प्रतिपक्ष प्यादी कशी मांडतो, यावर ठरते. जे निश्चित आहे ते आधी करावे व जे अनिश्चित आहे त्याचा निर्णय लांबवावा, एवढेच या नियमाचे तात्पर्य. वजीर लवकर बाहेर काढू नये, हा नियम याहून कडक आहे. पांढऱ्याने ई४ खेळल्यावर काळ्याने डी५, पांढऱ्याने ते प्यादे मारल्यावर काळ्याच्या वजिराने डी५ घरातील प्यादे मारणे, हा प्रारंभ स्कँडिनेव्हियन बचाव या नावाने प्रसिद्ध आहे. तेथे पांढरा तिसऱ्या खेळीस घोडा सी३ घरात आणतो. घोड्याचा विकास तर होतोच. शिवाय वजिरावर हल्ला झाल्याने काळ्यास त्याला पुन्हा हलवावे लागते. ही खेळी विकासाच्या दृष्टीने फुकट जाते. अशा लाभास पाश्चात्त्य परिभाषेत टेंपो मिळविणे म्हणतात. मराठीत ‘खेळी मिळाली’ किंवा ‘खेळी गेली’ असे सहज म्हणता येते.

विकासाची तुलना करताना अशा खेळ्यांचाच हिशेब करावयाचा असतो. मधली दोन प्यादी, दोन घोडे, दोन उंट व किल्लेकोट मिळून सात खेळ्या होतात. वजीर एक घर पुढे घेऊन दोन्ही हत्तींची गाठ घालून दिली, की आठ. आणि हत्ती मधल्या पट्ट्यांवर आणले, की नऊ-दहा. किल्लेकोट ही या सर्वांत सर्वांत किफायतशीर खेळी होय, कारण तीत राजा मध्यावरून दूर जातो व हत्ती मध्याकडे येतो : एका खेळीत दोन कामे. नवशिका खेळाडू या दहा खेळ्यांपैकी दोन-तीन तरी एच३, ए३ यांसारख्या भित्र्या प्यादेखेळ्यांत किंवा एकच घोडा वारंवार नाचविण्यात घालवितो आणि नंतर आपला डाव एकाएकी कसा कोसळला याचे आश्चर्य करीत बसतो. वास्तविक तो एकाएकी कोसळलेला नसतो. ई. लास्कर (१८६८–१९४१) याने लंडनमध्ये १८९५ साली दिलेल्या व पुढील वर्षी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत प्रारंभासाठी जे थोडे नियम सांगितले, ते बहुतांशी याच काटकसरीचे आहेत.

या तत्त्वाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणून पॉल मॉर्फी (१८३७–८४) या अमेरिकन खेळाडूने १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात खेळलेला डाव सर्वत्र दाखविला जातो. प्रतिपक्षी ब्रन्झविकचा ड्यूक व काउंट इझुआर हे दोघे आपसांत विचारविनिमय करून काळी मोहरी खेळत होते. दुसऱ्याच खेळीस त्यांनी डी६ हे संकोची प्यादे खेळून आपल्या उंटाची वाट अडविली. पाठोपाठ दुसरा उंट जी४ घरात आणून मॉर्फीच्या घोड्याला मारण्यात तो खर्ची घातला. म्हणजे दोन खेळ्या करून बाहेर आलेले एकमेव मोहरे पटावरून नाहीसे झाले आणि पांढऱ्याचा वजीर मात्र त्या मारामारीत आपसूक बाहेर आला. सातव्या खेळीस मॉर्फीने वजीर बी३ घरात नेऊन दोन ठिकाणी एकदम हल्ला केला. काळ्याने त्यास वजीर ई७ घरात आणून उत्तर दिले, परंतु त्यामुळे एफ८ घरातील उंट पुरताच कोंडला गेला. या वेळी मॉर्फीस बी७ घरातील प्यादे सहज मारता आले असते. तसे केल्यास काळा शह देऊन वजिरांची मारामारी घडवून आणू शकला असता. एका प्याद्याच्या लाभाने डाव पांढऱ्यास जिंकता आला असता, पण तो लांबला असता. मॉर्फीने ते प्यादे तसेच सोडले व दुसरा घोडा सी३ घरात बाहेर काढला. डावाचे खरे वळण दहाव्या खेळीच्या घोड्याच्या बलिदानात नसून आठव्या खेळीच्या या शांत निवडीत आहे.

पुढील भाग वेगाने घडतो. पांढऱ्याने घोडा देऊन दोन प्यादी घेतली व बी५ घरातून उंटाने शह दिला. मग वजिराच्या बाजूस किल्लेकोट केल्याने एकाच खेळीत हत्ती डी पट्टीवर आला. तो हत्ती डी७ घरात बळी दिल्यावर लगेच दुसरा हत्ती त्याच्या जागी उभा राहिला. काळ्याच्या बाजूने अशी बदली देण्यास कोणीच नव्हते. सोळाव्या खेळीस मॉर्फीने वजीरही दिला आणि सतराव्या खेळीस डी८ घरात हत्तीने मात केली. त्या अंतिम स्थितीत पांढऱ्याकडे राजा व प्यादी सोडून एक हत्ती व एक उंट एवढीच दोन मोहरी उरली होती, आणि ती दोन्ही मातेच्या कामात गुंतलेली होती. काळ्याकडे वजीर, हत्ती, उंट व घोडा होते. त्यांपैकी उंट व हत्ती सबंध डावात मूळ घरांतून हललेही नव्हते. पटावर असणे व डावात असणे यांतील अंतर यापेक्षा स्पष्ट दाखविणारा डाव सापडणे कठीण आहे.

विकासातील आघाडीचे मोल सामग्रीत करता येते, ही कल्पना गँबिट या प्रकारच्या प्रारंभांच्या मुळाशी आहे. विल्यम डेव्हिस एव्हान्झ या वेल्श कप्तानाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गँबिटमध्ये पांढरा चौथ्या खेळीस बी४ घरात प्यादे देऊ करतो. काळ्या उंटाने ते घेतले, की पांढरा सी३ खेळून त्याच उंटास पुन्हा पळावयास लावतो व मिळालेल्या वेळात मध्यावर प्याद्यांची फळी उभारतो. सर्वसाधारणपणे तीन खेळ्यांची आघाडी एका प्याद्याच्या तोडीची मानतात. हा ठोकताळा आहे, नियम नव्हे. शिवाय विकासातील आघाडी टिकाऊ नसते. सामग्रीतील लाभ चाळीस खेळ्यांनंतरही शिल्लक राहतो, परंतु वेळेतील लाभ लगेच वापरला नाही, तर प्रतिपक्ष हळूहळू आपली मोहरी बाहेर काढतो व तो नाहीसा होतो. व्हिल्हेल्म स्टाइनिट्स (१८३६–१९००) याच्या शिकवणुकीनंतर बचाव करणाऱ्यांनी हे ओळखले व योग्य वेळी प्यादे परत देऊन विकास पुरा करण्याचा मार्ग पत्करला. तेव्हापासून बेधडक गँबिटांचा जोर ओसरला.

देशी पद्धत : वेळेचा हा हिशेब बुद्धिबळाच्या मुळापासून चालत आलेला नाही. यूरोपात पंधराव्या शतकाच्या अखेरीस वजीर व उंट यांना आजची दूरवर जाणारी चाल मिळाली. त्यापूर्वीचा अरबी शतरंज मंद गतीचा खेळ होता. त्यात खेळाडू ‘ताबिया’ नावाच्या ठराविक मांडण्या पाठ करीत व परस्परांची गाठ पडेपर्यंत आपापली मांडणी जवळजवळ स्वतंत्रपणे पुरी करीत. भारतातील देशी बुद्धिबळात हे वळण फार उशिरापर्यंत टिकून राहिले. देशी पद्धतीचे नियम प्रांतोप्रांती भिन्न होते. तथापि प्याद्याने सामान्यतः एकच घर चालणे, यूरोपीय धर्तीचा किल्लेकोट नसणे, त्याऐवजी शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची उडी मारता येणे आणि शेवटच्या ओळीत पोचलेल्या प्याद्याला त्या घराचे मोहरे मिळणे, ही तिची सामान्य वैशिष्ट्ये होती. प्याद्याने केलेली मात विशेष मानाची समजली जाई. काही ठिकाणी तर आरंभी आपल्या अर्ध्या पटात एकदम अनेक खेळ्या करून घेण्याची मुभा असे. अशा खेळात एखादी खेळी वाया गेली, तरी तिची शिक्षा तत्काळ मिळत नाही. म्हणून तेथे विकास ही शर्यत नसून मांडणी असते. देशी खेळाडूंना प्रारंभाचे ज्ञान नव्हते, असे जे सरसकट म्हटले जाते, ते यामुळे अपुरे ठरते. त्यांचे ज्ञान वेगळ्या नियमांना जुळलेले होते.

दोन पद्धतींची गाठ महाराष्ट्रात बरीच लवकर पडली. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या संस्कृत ग्रंथाचे यूरोपीय पद्धतीस अनुसरून केलेले इंग्रजी रूपांतर मुंबईत १८१४ साली प्रसिद्ध झाले. मात्र त्याचा भर डावातील निर्णायक स्थितींवर आहे, प्रारंभावर नाही. प्रारंभाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा पुरावा कलकत्त्यास मिळतो. तेथील जॉन कॉक्रन (१७९८–१८७८) हा स्कॉटिश खेळाडू महेशचंद्र बॅनर्जी यांच्याशी दीर्घकाळ खेळत असे. त्यांच्या १८५५ मधील एका डावात काळी मोहरी घेतलेल्या महेशचंद्रांनी घोडा एफ६ घरात, मग प्यादे जी६ घरात एकच घर, डी५, उंट जी७ घरात व पाचव्या खेळीस किल्लेकोट अशी रचना केली. मध्य प्याद्यांनी व्यापण्याऐवजी दूरच्या कर्णावरून उंटाने त्यावर दाब आणणे, ही तिच्यातील कल्पना. पाच खेळ्यांत राजाच्या बाजूचा विकास पुरा झाला होता. प्यादे एकेक घर सरकविण्याची देशी सवय या मांडणीत स्पष्ट दिसते. तो डाव पुढे कॉक्रनने जिंकला. परंतु ही रचना हरली असे त्यावरून म्हणता येत नाही. एर्न्स्ट ग्र्यूनफेल्ट (१८९३–१९६२) या ऑस्ट्रियन खेळाडूने १९२२ मध्ये ती पुन्हा खेळात आणली व तिला त्याचे नाव मिळाले. तिच्याशी नाते सांगणाऱ्या बचावांना आजही ‘इंडियन’ म्हणतात.

देशी वळणाची किंमतही मोजावी लागली. मीर सुलतान खान हा पंजाबी खेळाडू देशी पद्धतीत वाढलेला होता. आंतरराष्ट्रीय नियम त्याने सु. १९२६ मध्ये आत्मसात केले आणि १९२९, १९३२ व १९३३ या वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद मिळविले. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत त्याने कापाब्लांका (१८८८–१९४२) यालाही हरविले. प्रारंभाच्या ग्रंथांशी मात्र त्याचा परिचय जवळजवळ नव्हता. अनेक डावांत तो आरंभी मागे पडे व मग मध्य आणि अंत या टप्प्यांत ती तूट भरून काढी. पहिल्या दहा खेळ्यांत गमावलेले पुढील पन्नास खेळ्यांत परत मिळविणे, हे त्याच्या योग्यतेच्या माणसालाच शक्य होते. जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्याला २०२४ मध्ये मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब दिला. महाराष्ट्रातील वि. का. खाडिलकर हे त्याच्याही आधी, १९२४ च्या ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेत खेळले होते. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाच्या स्थापनेनंतर (१९५१) एलुरू येथे १९५५ मध्ये पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा आंतरराष्ट्रीय नियमांनी झाली. महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे हे तिचे संयुक्त विजेते होते. त्यानंतरच्या पिढ्यांना देशी सवयी मोडाव्या लागल्या नाहीत. वासंती, जयश्री व रोहिणी या खाडिलकर भगिनी, प्रवीण ठिपसे, अभिजित कुंटे हे खेळाडू आरंभापासून आंतरराष्ट्रीय पद्धतीतच घडले.

नियमांच्या मर्यादा : विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात आरॉन निम्झोविच (१८८६–१९३५), रिचर्ड रेटी (१८८९–१९२९) प्रभृतींनी जुन्या नियमांच्या यांत्रिक वापरावर टीका केली. अल्येखिन (१८९२–१९४६) याने बूडापेस्टच्या १९२१ च्या स्पर्धेत योजिलेल्या बचावात काळा एकच घोडा पहिल्या चार खेळ्यांत तीन वेळा हलवितो. नियमाप्रमाणे हे अक्षम्य आहे. परंतु प्रत्येक वेळी पांढऱ्यास त्याच्यामागे एक प्यादे पुढे ढकलावे लागते, आणि प्याद्याची खेळी परत घेता येत नाही. ही पुढे आलेली प्यादी पांढऱ्याचे बळ ठरतात की ओझे, यावर डावाचे भवितव्य अवलंबून असते. अर्थात येथे नियम मोडलेला नसून त्याची किंमत प्रतिपक्षाकडून वसूल केलेली आहे.

तसेच, मोहरे मूळ घरातून हलले म्हणजे त्याचा विकास झाला, असेही नाही. फ्रेंच बचावात काळा पहिल्या खेळीस ई६ खेळतो. तेथे सी८ घरातील उंट स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. तो डी७ घरात आणल्यास खेळ्यांच्या मोजणीत एकाची भर पडते, परंतु उंटास दृष्टी मिळत नाही. उलट जी२ घरातील उंट मूळ घरापासून एकच घर सरकलेला असतो व तरीही एच१ पासून ए८ पर्यंतच्या सबंध कर्णावर त्याचा अंमल चालतो. प्यादी एकमेकांत अडकून मध्य बंद झालेला असल्यास एक-दोन खेळ्यांच्या आघाडीला फारसा अर्थ राहत नाही. अशा वेळी घोडा मागे घेऊन तीन-चार खेळ्यांनी चांगल्या घरी नेणे अधिक शहाणपणाचे ठरते. मध्य मोकळा असल्यास मात्र मॉर्फीच्या काळातील हिशेब आजही तसाच्या तसा लागू पडतो. म्हणून विकासाची मोजणी करण्यापूर्वी मध्याकडे पाहावे लागते, ही गोष्ट अध्यापनात बहुधा मागे राहते.

संगणकाच्या प्रसारामुळे प्रारंभाचा अभ्यास विलक्षण विस्तारला आहे. एखाद्या प्रारंभाच्या वीस-पंचवीस खेळ्या मुखोद्गत असणे ही स्पर्धात्मक बुद्धिबळात सामान्य गोष्ट झाली आहे, व ही साधने महानगरांबाहेरही पोचली आहेत. विदर्भापुरते पाहिल्यास अमरावतीचा स्वप्निल धोपाडे, नागपूरचे रौनक साधवानी व संकल्प गुप्ता हे या काळात ग्रँडमास्टर झाले. नागपूरच्याच दिव्या देशमुख हिने जुलै २०२५ मध्ये बातूमी (जॉर्जिया) येथे कोनेरू हंपीला हरवून महिला विश्वचषक जिंकला व तिलाही तो किताब मिळाला. पाठांतराचा धोका मात्र ताबिया पाठ करणाऱ्यांच्या काळापासून बदललेला नाही. प्रतिपक्षाने पुस्तकाबाहेरची खेळी केली, की पाठ केलेल्या खेळ्यांमागील कारण माहीत नसलेला खेळाडू पहिल्या खेळीवर उभा असल्यासारखाच गोंधळतो. पुस्तकाबाहेरची ती खेळी पुष्कळदा वाईटच असते. परंतु ती का वाईट आहे हे कळल्याखेरीज तिची शिक्षा देता येत नाही.

याच कारणास्तव माजी जगज्जेता बॉबी फिशर याने १९९६ मध्ये मागच्या ओळीतील मोहरी चिठ्ठ्या टाकून मांडण्याची पद्धत सुचविली. उंट परस्परविरुद्ध रंगांच्या घरांत व राजा दोन हत्तींच्या मध्ये, एवढ्याच अटी पाळल्यास ९६० मांडण्या शक्य होतात. नेहमीची मांडणी त्यांपैकीच एक होय. जागतिक बुद्धिबळ महासंघाने २०१९ मध्ये या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरविली. ती वेस्ली सो याने जिंकली. या खेळात पाठ केलेल्या खेळ्यांचा उपयोग होत नाही. घोडा कोपऱ्यात असला तर त्याला मध्याकडे येण्यास किती खेळ्या लागतील, उंटाची वाट कोणत्या प्याद्याने मोकळी होईल, किल्लेकोट कोणत्या बाजूस लवकर साधेल, हे प्रत्येक डावात पहिल्या खेळीपूर्वीच नव्याने मोजून काढावे लागते.